सगळे माझ्यासाठी थांबतात, म्हणून मीच थांबू का?

पत्र थोडक्यात

पत्रलेखकाचं वय 47. कॉलेजपासूनचे पाच मित्र गेली सहा वर्षं दर रविवारी एकत्र सायकल चालवतात आणि वर्षातून एकदा मोठ्या सहलीला जातात. सुरुवातीला सगळ्यांचा वेग सारखाच होता. मग दोघांनी पॉवर मीटर (पॅडलवर किती जोर लागतो ते मोजणारं यंत्र) बसवून, वेळापत्रक आखून सराव सुरू केला. सपाटीवर ते आता आरामात ताशी 25 किलोमीटरचा वेग धरतात. आणखी दोघे अधेमधे आहेत आणि पत्रलेखक 18 वर. गेल्या दोन दिवसांच्या राइडमध्ये प्रत्येक चढाच्या माथ्यावर चौघे त्याची वाट बघत उभे होते. एकाने विचारलं, "अंधार पडायच्या आत येशील ना रे?" सगळे हसले, तोही हसला, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. चार महिन्यांनी आठ दिवसांची सहल आहे. रोज साधारण शंभर किलोमीटर, दुसऱ्याच दिवशी 112 किलोमीटर आणि दोन घाट. मार्ग आणि मुक्काम नेहमीप्रमाणे त्यानेच ठरवलेत. आता गुडघा दुखतोय असं कळवून माघार घ्यावी, असं त्याच्या मनात आहे. "मी गेलो तर चौघांच्या सहलीचा विचका होईल. ओझं होऊन जाण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. की चार महिन्यांत त्यांना गाठता येईल असा काही सराव आहे?" पत्नी म्हणते, बॅटरीवाली सायकल घे.

उत्तर

आधी एक विनंती. त्या गुडघ्याला यात ओढू नका. मित्र चांगले आहेत, म्हणजे ते चौकशी करणार. एक जण व्यायामाचे व्हिडिओ पाठवील, दुसरा डॉक्टर सुचवील, तिसरा विचारील, "डावा की उजवा?" पुढच्या रविवारी तुम्हाला जिना उतरताना जरा लंगडावं लागेल आणि कुठल्या पायाने ते लक्षातही ठेवावं लागेल. हे विनोदी झालं. पण थापेचा खरा तोटा असा, की अडचण काय आहे हे त्यांना कधीच कळणार नाही. म्हणजे पुढच्या वर्षीही ती तिथेच असेल.

तुमच्या पत्रात एक शब्द दोन अर्थांनी येतो, 'थांबणं'. ते थांबतात म्हणून तुम्हाला ओशाळं वाटतं आणि त्यावर उपाय म्हणून तुम्हीच थांबायचं म्हणता. मधला एक प्रश्न मात्र राहून गेलाय. तू येऊ नकोस, असं कुणी म्हटलंय का? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही. 'ओझं' हा शब्द तुमचा, 'विचका' हाही तुमचाच. त्यांच्या तोंडी फक्त ते एक वाक्य आहे. ते लागलं असेल, यात शंका नाही. पण चार माणसांच्या मनात काय आहे, हे एका थट्टेवरून ठरवायचं म्हणजे फार झालं.

अर्थात, सगळं तुमच्या मनाचंच आहे असं मी म्हणणार नाही. वाट बघणं खरंच कंटाळवाणं असतं. घाम आलेल्या अंगावर माथ्यावरचा वारा लागला की हुडहुडी भरते, पाय आखडतात. सरावाने मिळवलेली ताकद वापरायला न मिळाल्याने एखादा चिडतही असेल. तेव्हा "वेग काय महत्त्वाचा, मजा महत्त्वाची" असली समजूत मी घालणार नाही. वेगातला फरक खरा आहे आणि त्याचा हिशोब करावा लागतो. माझं म्हणणं एवढंच, की तो हिशोब तुमच्या ग्रुपने अजून मांडलेलाच नाही आणि न मांडल्याचा दोष तुम्ही एकट्याने स्वतःच्या माथी घेतलाय.

मग मांडून बघू. सपाट रस्त्यावर शंभर किलोमीटरला 25 च्या वेगाने चार तास लागतात, 18 ने साधारण साडेपाच. दिवसाकाठी दीड तासाचा फरक. ऐकायला मोठा वाटतो, पण आठ दिवसांच्या सहलीत दीड तास जिरवणं अवघड नाही. प्रश्न इतकाच, की तो पडतो कुठे. सपाटीवर सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागच्या चाकाजवळ राहून चालवलं तर पाव हिस्सा मेहनत सहज वाचू शकते. म्हणजे रस्ता चांगला असेल, वाहतूक फार नसेल आणि पुढचा एकसारखं चालवणारा असेल, तर त्यांच्या आडोशाने तुम्ही 21-22 ने जाऊ शकाल. ते 25 वरून थोडे खाली आले की पाचही जण एकत्र. इथे तुमच्या ग्रुपमधल्या ताकदवान मंडळींकडून एकच गोष्ट हवी. पुढे असताना मध्येच जोर लावायचा नाही. तो एक झटका शेवटच्या माणसाला दोन मिनिटं जिवाच्या आकांताने पॅडल मारायला लावतो, आणि पुढच्याला त्याचा पत्ताही नसतो.

चढावर ही मदत संपते. वेग इतका उतरतो की हवेचा अडथळा किरकोळ राहतो आणि सगळं वजनावर येतं. दहा किलोमीटरचा घाट एकाने 12 च्या वेगाने चढला तर त्याला 50 मिनिटं लागतात. तुम्ही 8 ने चढलात तर 75. या 25 मिनिटांना निश्चय, ईर्षा, मनोबल वगैरेंचा फारसा उपयोग नसतो. सामान वाटून घेण्याचा मात्र होतो. खड्या चढावर लागणारा वेळ जवळपास एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो किंवा घटतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून दोघांचंही वजन 90 किलो धरा. तुमच्या पिशवीतलं 4 किलो सामान, म्हणजे सगळ्यांची हत्यारं, पंप, जादा टायर, कुलपं, त्यांच्याकडे गेलं, तर तुमची सुमारे तीन मिनिटं वाचतात आणि त्यांची दोन वाढतात. पंचवीसचा फरक वीसच्या आत येतो, तोही सराव न वाढवता. हे मागायला लाज वाटायचं कारण नाही. दोघांना सरावच हवा आहे ना, मग पाठीमागे चार किलो जास्त घेऊन घाट चढणं हा उत्तम सराव आहे!

आता माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्याबद्दल तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे: "मी पोहोचलो की लगेच निघतात, त्यामुळे मला आणखी अपराधी वाटतं." हे दृश्य लांबच्या राइड करणाऱ्या प्रत्येक ग्रुपने पाहिलंय. चौघे माथ्यावर वीस मिनिटं बसलेत. पाणी पिऊन झालंय, खाऊन झालंय, फोटो काढून झालेत. पाचवा वर येतो. एक पाय जमिनीवर टेकतो, हेल्मेटचा पट्टा सोडतो, बाटलीचं झाकण उघडतो आणि समोरचे चौघे हातमोजे चढवत उभे राहतात. "चला!" त्यांच्या मनात वाईट काहीच नसतं, ते तुमच्यासाठीच तर थांबलेले असतात. पण निकाल काय लागतो बघा. ज्याला विश्रांतीची सर्वात जास्त गरज, त्यालाच ती सर्वात कमी मिळते. पुढच्या चढावर तो आणखी मागे पडतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याची खात्री पटलेली असते की आपल्यात दमच नाही.

यासाठी नियम साधा आहे. विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस आल्यावर सुरू करायचं. दहा मिनिटं म्हणजे त्याच्या पायउतार होण्यापासून दहा मिनिटं. आणि तेवढा वेळ माथ्यावर वाऱ्यात कुडकुडण्यापेक्षा भेटण्याची ठिकाणं आधीच ठरवावीत. सावली, पाणी आणि बसायला जागा असेल अशी, तीस-पस्तीस किलोमीटरच्या अंतराने. मधल्या टप्प्यात ज्याने त्याने आपापल्या वेगाने जायचं. कुणी कुणाकडे मागे वळून बघायचं नाही, घड्याळाकडेही नाही.

वेगाचा हा तंटा तुमच्या ग्रुपपुरता नाही, शंभर वर्षांहून जुना आहे. 1904 मध्ये फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या ज्या राइड सुरू झाल्या, त्यांत सगळ्यांनी एकत्र, ठरलेल्या वेगाने आणि कप्तानाच्या मागे चालवायचं असे. त्याच्या पुढे जायला मनाई. 1921 मध्ये ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या तिथल्याच सायकल क्लबने वेगळी वाट धरली. वेग ज्याचा त्याचा, फक्त ठरलेल्या वेळेत ठरलेल्या ठिकाणांवरून पुढे जायचं. आज जगभर चालणाऱ्या 'बीआरएम' नावाच्या लांब पल्ल्याच्या राइड या दुसऱ्या पद्धतीच्या आहेत. एकत्र चालवण्याची जुनी पद्धतही संपलेली नाही, तिचे चाहते साधारण साडेबावीसच्या वेगाने आजही तशा राइड करतात. दोन्ही पद्धती छान चालतात, कारण दोन्हींत नियम सगळ्यांना आधीच माहीत असतो. तुमच्या ग्रुपचं मात्र ना धड हे, ना धड ते. निघताना एकत्र, चढ लागला की ज्याचा तो, वर पोहोचल्यावर पुन्हा एकत्र असल्यासारखं वागायचं. यात पुढच्यांचाही रस जातो आणि मागच्याचाही.

विषय निघालाच आहे तर हेही सांगते. बीआरएममध्ये 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, 300 ला 20 आणि 600 ला 40. म्हणजे सगळे थांबे धरून ताशी जेमतेम पंधरा. तुमच्या 18 ने 200 किलोमीटरला अकरा तास आणि थोडी मिनिटं लागतील, वर दोन तासांहून जास्त उरतील. लांब पल्ल्याच्या सायकलिंगची जी सर्वमान्य मोजपट्टी आहे, तिच्यावर तुम्ही हळू ठरत नाही. हळू ठरता ते फक्त त्या दोघांच्या शेजारी उभं राहिल्यावर.

मला सुचलेला सर्वात सोपा बदल म्हणजे तुम्ही आधी निघा. सकाळी चाळीस-पन्नास मिनिटं लवकर, आणि मधल्या दोघांपैकी कुणी आलं तर त्याला सोबत घेऊन. घाट मध्यावर आला की मागचे तुम्हाला गाठतील, दोन शब्द बोलून पुढे जातील आणि माथ्यावर फरक दहा-बारा मिनिटांचा राहील. त्यांना मनासारखं चालवायला मिळेल आणि तुम्हाला कुणी टांगून ठेवल्यासारखं वाटणार नाही. सुरक्षेच्या बाजूनेही हेच बरं. शेवटच्या माणसाची सायकल बिघडली तर बाकीचे पुढे गेलेले असतात, फोन लागला तरी त्यांना उलटं फिरून यावं लागतं. तुम्ही पुढे असाल तर मदत मागून आपोआपच येते. उरलेल्या वेळी 'स्वीप', म्हणजे सगळ्यांत मागे राहणारा, रोज बदलावा. पाचही जणांनी पाळी घ्यायची, पॉवर मीटरवाल्यांनीही.

तुमचा दुसरा प्रश्न सरावाचा. चार महिन्यांत त्यांना गाठता येणार नाही, आणि तसं कुणी कबूल केलं तर त्याला पैसे देऊ नका. ते काही चार महिने हातावर हात धरून बसणार नाहीत. पण आठ दिवस तग धरण्यापुरती तयारी नक्की होईल. आठवड्यात दोन-तीन छोट्या राइड, बहुतेक अशा वेगाने की बोलता बोलता चालवता यावं. एका दिवशी चढाचा सराव. महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार सलग मोठी राइड, कारण सहलीत पहिला दिवस सगळ्यांचाच बरा जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना काय होतं, ते आधीच माहीत झालेलं बरं. शेवटचा आठवडा हलका ठेवा. वय 47 आहे आणि मेहनत वाढवणार आहात, तेव्हा सुरुवातीलाच डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर ते "सवय नाही म्हणून" असं समजून रेटू नका.

खरं सांगायचं तर सरावाआधी मी तुम्हाला मेकॅनिककडे पाठवीन. पुढची लहान चेनरिंग, म्हणजे पॅडलजवळची दातेरी चकती, 34 दात्यांची आणि मागची सर्वात मोठी चकती 28 ची असेल, तर 8 च्या वेगाने चढताना तुमचे पाय मिनिटाला जेमतेम 52 फेरे मारतात. प्रत्येक फेऱ्यावर मांड्या पिळून निघतात. मागे 34 ची चकती असलेली कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवली तर त्याच वेगाला 63-64 फेरे पडतात. वेग तोच, पण पायावरचा जोर बराच कमी. सातव्या दिवशीही चढ चढवतो तो हा फरक. तुमच्या सायकलचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) एवढी मोठी चकती घेतो का, ते मात्र आधी विचारून घ्या.

खाण्याबाबतही मागे पडणाऱ्यांचं एक नेहमीचं होतं. आधीच उशीर झालाय म्हणून ते खायला थांबत नाहीत. शरीरातला साखरेचा साठा दोन-तीन तासांच्या जोरदार मेहनतीपुरताच असतो. तो संपला की पाय एकाएकी गळतात, मग थोडंफार खाऊनही लगेच जोर येत नाही. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, तीही भूक लागायच्या आधी. एका मध्यम केळ्यात साधारण 25 ते 27 ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज येईल. हँडलजवळच्या छोट्या पिशवीत खाऊ ठेवा, म्हणजे त्यासाठी थांबावं लागणार नाही.

बॅटरीच्या सायकलबद्दल पत्नीचा सल्ला हसण्यावारी नेऊ नका. चढावर 12 चा वेग मिळाला तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. भरलेल्या सामानासह दोन घाटांत ती बॅटरी कुठवर पुरते आणि मुक्कामी चार्जिंग मिळेल का, एवढं मात्र तपासा, कारण बॅटरी उतरलेली ती जड सायकल चढावर जीव काढते. तुम्हाला मनातून ती नको असेल तर तेही ठीक आहे. फक्त "लोक काय म्हणतील" या एका कारणासाठी नको म्हणू नका.

मित्रांशी बोलायचं कसं? ग्रुपवर लिहून नको. तिथे एकाने हसरा चेहरा टाकला की विषय संपतो. रविवारी राइड झाल्यावर सगळे बसलेले असताना बोला. थट्टा करणाऱ्याशी त्याआधी एकट्याने बोललात तर आणखी चांगलं, म्हणजे त्याला चारचौघांत बचाव करावा लागणार नाही. साधारण असं: "माझा वेग तुमच्यापेक्षा कमी आहे आणि तो चार महिन्यांत तुमच्याएवढा होणार नाही. मला यायचंय. पण गेल्या वेळेसारखं प्रत्येक माथ्यावर वाट बघणं मला नकोय, तुम्हालाही नको असेल. मी सकाळी लवकर निघीन, भेटायची ठिकाणं ठरवू. आणि ही सहल तुम्हाला कशी हवीय, ते प्रत्येकाने सांगा." शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तरं ऐकून कदाचित तुम्हीच चकित व्हाल. मधल्या दोघांपैकी एखाद्याचाही धाप लागून जीव जात असेल, आणि तुम्ही मागे आहात म्हणून त्याला माथ्यावर टेकायला मिळत असेल.

समजा दोघे म्हणाले, "आम्हाला यंदा जोरात चालवायचंय." तर तेही रास्त आहे. एक-दोन दिवस त्यांना लांबचा रस्ता, एखादा जादा घाट घेऊ द्या आणि मुक्कामी भेटा. सगळी सहलच वेगासाठी हवी असेल, तर मग खरं कारण सांगून बाहेर राहा, किंवा शेवटचे दोन-तीन दिवस जाऊन मिळा. आणि "येशील ना रे अंधाराआधी" असं सहज बोलून जाणारे कुणी हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी एक: पुढच्या वेळी माथ्यावर मित्र आला की त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत हातमोजे घालू नका.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. मार्ग आणि मुक्काम तुम्हीच ठरवलेत म्हणता. मग दुसऱ्याच दिवशी 112 किलोमीटर आणि त्यात दोन घाट, हे कुणाचे पाय डोळ्यांसमोर ठेवून आखलं? तुमचे तर नक्कीच नाहीत. आपल्याला झेपणार नाही असा दिवस तुम्ही स्वतःच्या हाताने नकाशावर काढलात आणि तो झेपणार नाही म्हणून आता माघार घ्यायला निघालात. नकाशा पुन्हा उघडा. पहिला दिवस साठ-सत्तरचा ठेवा, दोन घाट दोन वेगळ्या दिवसांत टाका आणि शक्यतो सकाळी, उन्हाआधी चढून होतील असे. पाचव्या दिवशी अर्धाच पल्ला घ्या, म्हणजे कपडे धुऊन वाळतील आणि सायकलींच्या चेनला तेलही पडेल. अंतराइतकाच रोजचा एकूण चढ किती मीटर, हेही प्रत्येक दिवसापुढे लिहून काढा. नवा आराखडा त्या रविवारी बरोबर न्या, आणि हे सगळं मुक्कामाचं बुकिंग फुकटात बदलता येण्याची मुदत आहे तोवरच उरकून घ्या.